गाव सोडून पहिल्यांदा फिरायला निघताना: विदर्भातल्या शेतकरी कुटुंबासाठी तयारी आणि काळजी

हरभरा-गहू घरात आला, तूर विकून झाली, पोरांचे पेपर संपले की गावात फिरायला जायच्या गोष्टी सुरू होतात. कोणी शेगाव-शिर्डी-पंढरपूर म्हणतं, कोणाला एकदा समुद्र पाहायचा असतो, कोणाच्या आजीची तिरुपतीची इच्छा राहून गेलेली असते. शहरातल्या माणसांसाठी लिहिलेल्या प्रवासाच्या सूचना आपल्याला अर्ध्याच लागू पडतात. त्यांच्या घरी गोठा नसतो, ओलिताचं वावर नसतं, आणि स्टेशन गाठण्यासाठी आधी एसटी, मग ऑटो असा दोन-तीन तासांचा प्रवास करावा लागत नाही. जे कुटुंब पहिल्यांदाच आठ-दहा दिवस घराला कुलूप लावून निघणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सगळ्या तयारीचं मूळ एका गोष्टीत आहे. बेत ठरवताना सोबतच्या सगळ्यात नाजूक माणसाकडे पाहायचं. ती आजी असेल, दीड वर्षाचं लेकरू असेल, गरोदर सून असेल, शुगरचे काकाजी असतील. गाडी कोणती, किती वाजताची, दिवसाला किती ठिकाणं, जेवण कुठे, हे त्या एका माणसाच्या ताकदीवरून ठरवा. बाकीच्यांचं आपोआप नीट होतं. उलटं केलं, म्हणजे तरण्या पोरांच्या उत्साहावर बेत बांधला, की तिसऱ्या दिवशी कोणीतरी दवाखान्यात असतं आणि सगळ्यांची सुटी तिथल्या बाकावर जाते.

तारीख

दिवाळीच्या सुटीत कापूस वेचणीला आलेला असतो, तेव्हा कास्तकाराला निघता येत नाही. आपल्याकडे मोकळा काळ म्हणजे रब्बी घरात आल्यापासून मृगाच्या आधीपर्यंत. मृग ७-८ जूनला लागतो आणि त्याआधी वखरणी, बियाणं, खत यांची धावपळ असते. त्यामुळे एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हा खरा वेळ. २५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत म्हातारं माणूस आणि लहान लेकरू घेऊन अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यातून दिवसाचा प्रवास करू नका. पारा ४५-४६ अंशांवर जातो आणि एसटीच्या खिडकीतून येणारी हवा भट्टीची असते.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीकडे उघडतात. ज्यांच्याकडे शेती नाही किंवा पेरणी भाऊ पाहून घेतो, त्यांना जूनचा दुसरा-तिसरा आठवडाही मिळतो. तेव्हा बाहेरची गर्दी ओसरलेली असते. पण तोवर कोकणात पाऊस लागलेला असतो, म्हणून समुद्राचा बेत त्या दिवसांत नको.

तिकीट

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं, त्यामुळे जुन्या अंदाजाने कोणी सांगितलं तर गोंधळ होतो. मेमध्ये जायचं तर मार्चमध्येच ठरवावं लागतं. तात्काळचं तिकीट गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी मिळतं, एसी डब्यांचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं. हे जोडण्याचं काम घाईच्या दिवशी होत नाही, आधीच करून ठेवा. पण कुटुंबासोबत तात्काळच्या भरवशावर निघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. आजीला घेऊन जनरल डब्यात उभं राहण्यापेक्षा तारीख बदललेली बरी.

पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत वेगळी जागा नको असेल तर अर्धं, हवी असेल तर पूर्ण भाडं. रात्रीच्या प्रवासात दहा वर्षांच्या पोराला जागा घ्याच. पैसे वाचवायला एका बर्थवर दोघं झोपवले तर दोघांचीही झोप होत नाही.

तिकीट हातात आलं की दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून तपासा.

पहिली म्हणजे स्टेशन. वर्धा आणि सेवाग्राम ही वेगळी स्टेशनं आहेत, एका गावात असली तरी. दिल्ली-चेन्नई मार्गाच्या गाड्या सेवाग्रामला थांबतात. नागपूरला मुख्य स्टेशन वेगळं, अजनी वेगळं, इतवारी वेगळं. अमरावती म्हणून बरेच जण निघतात आणि गाडी असते बडनेऱ्याहून. यवतमाळ, दारव्हा, दिग्रसकडच्या लोकांना धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावं लागतं, गडचिरोलीच्या माणसांना देसाईगंज म्हणजे वडसा, आणि बुलढाणेकरांना मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव. गावाहून तिथे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, ती सुटीच्या दिवशी असते का, हे डेपोत जाऊन विचारा. शेवटच्या एसटीवर अवलंबून राहू नका, तिच्या आधीची धरा. फाट्यावर बस थांबलीच नाही तर काळीपिवळी मिळायलाही दिवसाचा उजेड लागतो.

दुसरी म्हणजे मध्यरात्रीची तारीख. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:२० असेल, तर स्टेशनवर ११ तारखेच्या रात्री पोचायचं असतं. १२ च्या रात्री गेलात तर गाडी एक दिवस आधी निघून गेलेली असते. ही चूक शिकलेली माणसंही करतात. तिकीट काढलं त्याच दिवशी कॅलेंडरवर "११ च्या रात्री निघणे" असं मोठ्या अक्षरात लिहा.

एसटीने जायचं असेल तर महिलांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. त्यासाठी वयाचा पुरावा असलेलं कार्ड जवळ लागतं, आजीचं कार्ड घरी ट्रंकेत असून चालत नाही. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती गृहीत धरून पैसे मोजू नका.

घर, गोठा, वावर

निघण्याच्या पंधरा दिवस आधी गोठ्याचा माणूस ठरवा. भाऊबंदातला असो की सालदार, "पाहून घेजो रे" एवढ्यावर सोडू नका. कोणत्या जनावराला किती कुटार, किती ढेप, पाणी दिवसातून किती वेळा, दूध कोण काढणार आणि ते कोणाकडे जाणार, हे सगळं कागदावर लिहा आणि दोन दिवस त्याच्याकडून आपल्यासमोर करून घ्या. गाय नवख्या माणसाला पान्हा सोडत नाही, हे तुम्ही गेल्यावर कळून उपयोग नाही. गाय-म्हैस विणार असेल तर ते दिवस सोडून तारीख घ्या. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. उन्हाळ्यात पाण्याचं टाकं दुपारी तापतं आणि जनावर ते पाणी टाळतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ ताजं पाणी भरायचं हे ठळक सांगा.

वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्रावाल्यांना मे महिन्यात बगिच्याचं पाणी तोडता येत नाही, अंबिया बहाराची फळं गळतात. पाळीची वीज रात्रीची असेल तर रात्री मोटर लावायला जाणारा माणूस पक्का हवा, त्याच्याकडे चांगली बॅटरी आणि पायात बूट हवेत. स्टार्टरच्या पेटीत उघडी वायर असेल तर ती दुरुस्त केल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती मोटर देऊ नका. तुम्हाला कुठे हात लावायचा नाही ते सवयीने माहीत असतं, त्याला नसतं.

आता घर. चोरीची भीती सगळ्यांना वाटते, आगीची कमी जणांना. भाव वाढेल म्हणून मेपर्यंत कापूस घरात ठेवणारे आजही आहेत. शेजारी पराटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा ढीग, वर उन्हाने तापलेले टिनाचे पत्रे आणि जुनी वायरिंग. अशा घराला कुलूप लावून जाणं धोक्याचं आहे. जमलं तर कापूस विकून किंवा हलवून निघा. पराटी आणि कुटाराचा ढीग भिंतीपासून लांब करा. मेन स्विच बंद करा. फ्रिजसाठी चालू ठेवायचा मोह होतो, पण फ्रिज रिकामा करून दार थोडं उघडं ठेवलं तर काही बिघडत नाही. गॅसचं रेग्युलेटर काढून ठेवा. फवारणीची औषधं कुलुपात, आणि ती किल्ली गोठा पाहणाऱ्याच्या लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

कूलरचं पाणी पूर्ण काढून, टाकी घासून कोरडी करा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची पूर्ण पिढी तयार होते आणि तुम्ही परत याल तेव्हा ती घरात वाट पाहत असते.

धान्याला कीड लागू नये म्हणून घर बंद असतानाच कोठीत गोळ्या टाकून जाण्याची कल्पना काही जणांना सुचते. राहत्या घरात हे कधीही करू नका. त्या गोळ्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. तो बंद घरात साठतो, शेजारच्या घरातही शिरतो, आणि त्यावर उतारा नाही. धान्य कडक उन्हात वाळवून, कोठी स्वच्छ करून, निंबाचा पाला घालून ठेवा. तेवढं पुरतं.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये किंवा जिवाभावाच्या माणसाकडे. मेन स्विच बंद असल्याने ओसरीवर एक सोलरचा दिवा रात्री लावायला आणि अंगण झाडायला शेजारच्या वहिनींना सांगा. झाडलेल्या अंगणाच्या घरात कोणी आहे असं वाटतं. पोलीस पाटलांना आणि ठाण्यात कळवून ठेवायला संकोच नको. आणि पोरांना बजावा की मोबाइलच्या स्टेटसवर फोटो परत आल्यावर टाकायचे. "पूर्ण फॅमिली महाबळेश्वरला" हे साऱ्या तालुक्याला सांगायची गरज नसते.

सामान

सामान जितकं कमी तितकी सुरक्षितता जास्त, कारण हात मोकळे राहतात आणि मोकळ्या हातात लेकराचा हात धरता येतो. प्रत्येकाला एक पिशवी, जी त्याची त्यालाच उचलता येईल. रॉकेल, स्टोव्ह, छोटं सिलिंडर, फटाके रेल्वेत नेणं गुन्हा आहे. यात्रेत स्वयंपाक करू म्हणून ते नेणारे लोक पूर्ण डब्याचा जीव धोक्यात घालतात.

कागदांची एक छोटी पिशवी करा आणि ती घरातल्या सगळ्यात शांत माणसाकडे द्या. तिच्यात मूळ आधार कार्डं, तिकिटांची छापील प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आयुष्मान किंवा दुसरं आरोग्य कार्ड, आणि एका कागदावर लिहिलेले फोन नंबर. मोबाइल हरवला किंवा बंद पडला की कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो, म्हणून कागद. त्याच कागदावर हे नंबरही लिहा: कोणत्याही संकटात ११२, रेल्वेत १३९, रुग्णवाहिका १०८, हरवलेल्या मुलांसाठी १०९८, ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३०.

रोख पैसे तीन ठिकाणी विभागून ठेवा. फोनवरून पैसे देण्याची सवय झाली असली तरी घाटात, जंगलात आणि मोठ्या यात्रेत नेटवर्क बसतं.

शिदोरी पहिल्या दिवसापुरती पुरे. दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा टिकतात. भाजी, दहीभात, ओलं खोबरं घातलेलं काहीही मेमध्ये चार-पाच तासांत आंबतं. उरलेलं जेवण दुसऱ्या दिवशी लेकरांना देऊ नका, फेकताना जीव तुटला तरी.

औषधं

बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, झटके यांची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीची घ्या आणि दोन पिशव्यांत विभागा. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. अनोळखी डॉक्टरला पाकिटावरचं नाव वाचूनच कळतं तुम्ही काय घेता ते. इन्सुलिन उन्हात खराब होतं. ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात किंवा थर्मासमध्ये न्या, पण बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं तर तेही वाया जातं. एसटीच्या टपावर आणि गाडीच्या डिकीत ते कधीच ठेवू नका.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट या भागांत हा आजार अनेक घरांत आहे आणि प्रवासाच्या सूचनांत त्याचं नावही नसतं. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगात पाणी कमी पडलं, अचानक थंडी लागली, फार दमणूक झाली किंवा उंचावर प्राणवायू कमी मिळाला, तर तीव्र दुखण्याचा झटका येऊ शकतो. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. अशा ठिकाणी न्यायचं तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला आणि ते नको म्हणाले तर ऐका. जवळच्या प्रवासातही कार्ड आणि रोजच्या गोळ्या सोबत, पाण्याची बाटली सतत हातात, आणि एसी डब्यात रात्री पांघरूण. झटका आला, ताप चढला किंवा छातीत दुखू लागलं तर मुक्कामावर वाट पाहू नका, दवाखाना गाठा आणि आत शिरताच सिकलसेल आहे हे सांगा. बाहेरच्या राज्यातल्या डॉक्टरला ते लगेच सुचेलच असं नाही.

ऊन

आपण उन्हातली माणसं, आपल्याला काय होतं, असं सगळेच म्हणतात. वावरात ऊन लागतं तेव्हा आपण निंबाखाली बसतो, माठातलं पाणी पितो, दुपारी घरी येतो. प्रवासात यातलं काहीच आपल्या हाती नसतं. लघवीला जावं लागेल म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उष्माघात त्यामुळे घरापेक्षा प्रवासात लवकर गाठतो.

निघायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी. शक्यतो रात्रीची गाडी धरा, म्हणजे विदर्भाचा तापलेला पट्टा झोपेत ओलांडला जातो. डोक्याला दुपट्टा, कानांवरून घेतलेला. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट. पन्हं, ताक, लिंबूपाणी घरून नेलेलं उत्तम. रस्त्यावरच्या बर्फाच्या सरबताला हात लावू नका, तो बर्फ कोणत्या पाण्याचा ते कोणालाच ठाऊक नसतं. ओआरएसची पाकिटं माणशी दोन ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, त्याला अंगावर जास्त वेळा पाजा आणि पाजणाऱ्या मायला भरपूर पाणी द्या. तिच्यासाठी गाडी थांबवायची लाज वाटू देऊ नका, मोठ्या माणसांनीच पुढाकार घेऊन थांबवायला सांगावं.

माणूस नुसतं थकलं, डोकं दुखतंय, पायात गोळे येतायत, तर सावली, पाणी, विश्रांती. पण ते बरळू लागलं, ओळख विसरलं, अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा झटका आला, तर हा उष्माघात आहे आणि यात मिनिटं मोजली जातात. आधी १०८ ला फोन. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत घेऊन कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओल्या थंड घड्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नका, ते श्वासनळीत जातं. कांदा खिशात ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर पाणी विसरू नका.

रस्त्यावर

समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबईचं ७०१ किलोमीटर अंतर पुष्कळ जवळ आणलं. ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. सरळ, मोकळा रस्ता आहे आणि त्यातच त्याचा धोका आहे. वळण नाही, गाव नाही, समोरून वाहन नाही, त्यामुळे चालकाचे डोळे उघडे असूनही भान सुटतं. गावाकडच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला या वेगाची सवय नसते. छोट्या वाहनांना ताशी १२० ची मर्यादा आहे, पण ९०-१०० वर चाललात तर काही गमावत नाही. दुचाकीला आणि ऑटोला तिथे बंदीच आहे. दर दोन तासांनी थांबा, खाली उतरा, तोंडावर पाणी मारा. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत गाडी चालवू नका, भाड्याचा चालक असेल तर त्यालाही चालवू देऊ नका आणि त्याच्या जेवणा-झोपेची सोय तुम्ही स्वतः पाहा.

चढण्याआधी टायर तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी दिसते म्हणून असा जुना टायर मेच्या डांबरावर नेऊ नका, बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचा. लेकरू पुढच्या सीटवर मांडीवर नको.

खासगी बसने रात्री जाणार असाल तर बसल्याबरोबर आपत्कालीन दार कुठे आहे आणि काच फोडायचा हातोडा कुठे लटकतो, हे घरातल्या दोघांनी पाहून ठेवा. ३० जून २०२३ च्या रात्री, म्हणजे मध्यरात्रीनंतर १ जुलै लागल्यावर, सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. दारासमोर सामान रचलेलं असेल, तर बस सुटण्याआधी ते हटवायला सांगा. कंडक्टर कुरकुरला तरी सांगा.

चिखलदऱ्याला किंवा पचमढीला जाणाऱ्यांनी घाट आणि जंगलाचा रस्ता उजेडात पार करावा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून सुटतात. जंगलात फोटोसाठी खाली उतरायचं नाही. माकडांना खायला देऊ नका. माकड किंवा कुत्रं चावलं, ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा, घरी परत येईपर्यंत थांबू नका.

रेल्वेत अनोळखी माणसाने दिलेला चहा, बिस्किट, प्रसाद घेऊ नका. समोरचा कितीही सज्जन वाटला तरी नम्रपणे उपवास आहे म्हणा. स्टेशन येताना खिडकीजवळ बसलेल्या बायांनी मंगळसूत्र पदराखाली घ्यावं. चोरी झालीच तर तक्रारीसाठी अध्येमध्ये उतरायची गरज नाही, १३९ ला फोन करा किंवा टीसीला सांगा, धावत्या गाडीतही तक्रार घेतली जाते.

मुक्काम आणि फसवणूक

देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने इंटरनेटवर खोटी पानं आणि खोटे फोन नंबर असतात. नुसता शोध घेऊन पहिला आलेला नंबर लावू नका. आधी जाऊन आलेल्या माणसाकडून नंबर घ्या किंवा संस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. "आगाऊ पूर्ण पैसे आत्ता टाका, खोली एकच उरली" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. आणि पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा. परतावा देतो म्हणून पिन मागणारा चोर असतो. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० ला कळवा, लवकर कळवलं तर ते रोखले जाण्याची शक्यता असते.

गर्दीच्या ठिकाणी शिरण्याआधी एक जागा ठरवा, "चुकलो तर या कमानीखाली". लेकराच्या हातावर पेनाने फोन नंबर लिहा. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांच्या बटव्यात मुक्कामाचं नाव आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि ती दाखवायची कशी, कोणाला दाखवायची, हे एकदा करून घ्या.

पाणी

वर्धा, पूर्णा, पैनगंगेत पोहणारी पोरं समुद्राला नदीसारखंच समजतात. हा गैरसमज जीव घेतो. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून काल याच वेळी पाणी उथळ होतं याला अर्थ नाही. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला किंवा कोळी बांधवांना विचारा आणि ते नाही म्हणाले तर पाय भिजवूनही पाहू नका. गुडघ्यापर्यंतच जायचं, पाण्याकडे पाठ करायची नाही, लेकराचं मनगट धरायचं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, थकून बुडाल. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग वळा.

नावेत बसताना प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं. २०२१ च्या सप्टेंबरात वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला, आपल्याच नदीत. जॅकेट कमी असतील किंवा नाव भरलेली असेल तर पुढच्या फेरीला थांबा, आणि पुढच्या फेरीतही तेच असेल तर काठावरून दर्शन घ्या.

परत आल्यावर

दिवसाउजेडी घरी पोचेल अशी गाडी धरा. दार उघडलं की आधी एकटा मोठा माणूस बूट घालून, बॅटरी घेऊन आत जाईल, बाकी सगळे अंगणात. बंद, गार घरात नाग, मण्यार, विंचू मुक्कामाला येतात. अंथरूण झटका, कोपऱ्यातली पोती काठीने हलवा, बाथरूम आणि चुलीमागची जागा पाहा, मगच पोरांना आत घ्या. साप चावलाच तर जखम कापू नका, बांधू नका, भगताकडे जाऊ नका. माणसाला न चालवता, चावलेला भाग न हलवता, थेट सरकारी दवाखान्यात न्या.

खिडक्या उघडून हवा खेळू द्या. गॅसचा वास येत नाही ना हे पाहा, मगच मेन स्विच लावा. कूलर लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढलेला हवा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान पोरं असतात. साठवणीचं पाणी ओतून द्या, ताजं भरा.

पुढच्या महिनाभरात घरात कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना कुठे-कुठे जाऊन आलो ते न विचारता सांगा. जंगलात मुक्काम केला होता, अमुक राज्यात गेलो होतो, नदीचं पाणी प्यायलो होतो, हे कळलं की मलेरिया, कावीळ, टायफॉइडची तपासणी पहिल्याच दिवशी होते.